गाड्यावर नाव

'कधी गाड्यावर नाव, कधी नावेवर गाडा' अशी एक जुनी म्हण आहे. दैवाचे फेरे सांगण्यासाठी लोक ती वापरतात. आज जो दुसऱ्यास वाहून नेतो, त्याच्यावरच उद्या दुसऱ्याच्या खांद्यावर बसण्याची पाळी येते, एवढाच तिचा भावार्थ. ती उच्चारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे खरा गाडा किंवा खरी नाव क्वचितच असते. परंतु पुणे जिल्ह्याच्या पश्चिम टोकास, मावळ आणि कोकण यांच्या सीमेवर, ही म्हण अक्षरशः खरी करून दाखविण्याचा एकदा प्रयत्न झाला होता. समुद्रकाठी बांधलेल्या नावा गाड्यांवर चढवून त्या बोरघाटातून देशावर न्यावयाच्या, असा तो बेत होता.

बोरघाट ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या बेताचे धाडस सांगावयास नको. मुंबईहून पुण्यास निघालेली आगगाडी कर्जतला येते, तेव्हा समोर सह्याद्रीची काळीकभिन्न भिंत उभी असते. पुष्कळ गाड्यांना तेथे मागून रेटण्यासाठी आणखी इंजिने जोडावी लागतात. मग सुमारे पंचवीस किलोमीटरांच्या वाटेत गाडी साडेपाचशे मीटर उंच चढते आणि खंडाळा मागे टाकून लोणावळ्याच्या मोकळ्या हवेत येते. येथून पूर्वेकडे मावळ पसरले आहे. नाणे मावळ, आंदर मावळ आणि पवन मावळ ही त्याची खोरी. समुद्र येथून पश्चिमेस फार दूर नाही. तरी येथील नद्या त्याच्याकडे पाठ फिरवून पूर्वेस जातात. लोणावळ्याजवळ कुरवंडे गावाच्या परिसरात उगम पावणारी इंद्रायणी भीमेला मिळते, भीमा कृष्णेला, आणि कृष्णा थेट बंगालच्या उपसागराला. उन्हाळ्यात या नद्यांतून पोरेसोरेही घोटाभर पाण्यातून पलीकडे जातात. मृगाचा पाऊस कोसळू लागला म्हणजे मात्र त्याच नद्या दुथडी भरून वाहतात आणि एका काठचे माणूस दुसऱ्या काठास परके होते.

मराठ्यांच्या फौजांचे वर्षाचे वेळापत्रक या पाण्यानेच ठरविले होते. पावसाळ्यात फौजा छावणीत राहत. दसऱ्याला सीमोल्लंघन होई, कारण तोपर्यंत नद्यांना उतार मिळू लागलेला असे आणि घोड्यांना रानात चारा झालेला असे. दसऱ्याचा मुहूर्त केवळ पंचांगातला नव्हता. त्यामागे नदीनाल्यांचे गणित होते.

१८०३ साली हे गणित उलटे मांडणारा एक माणूस पुण्यास आला. आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरात यशवंतराव होळकराने पुण्याजवळ पेशव्यांच्या आणि शिंद्यांच्या फौजांचा पराभव केला होता. दुसरा बाजीराव पुणे सोडून पळाला आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्याने वसईस इंग्रजांशी तह करून त्यांचा आश्रय घेतला. त्याला पुन्हा गादीवर बसविण्यासाठी जी इंग्रजी फौज आली, तिचा सेनापती आर्थर वेलस्ली हा होता. पुढे हाच वेलिंग्टनचा ड्यूक म्हणून युरोपात गाजला. एप्रिल १८०३ मध्ये तो पुण्यास पोहोचला. शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्याशी युद्ध होणार, हे त्याला दिसत होते. त्याचा हिशेब असा : मराठ्यांचे बळ घोडदळात. घोडदळ पुराने भरलेल्या नदीपुढे अडून राहते. मग आपल्याजवळ जर नदी ओलांडण्याचे साधन असेल, तर पावसाळा हाच लढाईचा उत्तम हंगाम! ज्या चार महिन्यांत शत्रू जागच्या जागी खिळून असेल, त्याच चार महिन्यांत आपण हिंडू शकू.

साधन म्हणजे नावा. त्यांतही साध्या नावा नव्हेत, तर पुलासाठी मुद्दाम बांधलेल्या सपाट बुडाच्या नावा. त्या नदीत ओळीने एकापुढे एक उभ्या करावयाच्या, नांगरून घट्ट बांधावयाच्या आणि त्यांच्यावर फळ्या अंथरून एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत वाट करावयाची. त्या वाटेवरून शिपाई, बैल, तोफा, दारूगोळ्याचे गाडे सारे कोरड्या पायांनी पलीकडे जाणार. म्हणजे नदीपर्यंत गाड्यावर नाव आणि नदीत नावेवर गाडा! म्हणीची दोन्ही अर्धी एकाच सामानात बांधून ठेवलेली होती. वेलस्लीने या नावांची मागणी मुंबईच्या सरकारकडे केली, कारण मुंबईस उत्तम गोदी होती आणि नावा बांधणारे कसबी सुतार होते.

आता नाव ही जमिनीवरून नेण्याची वस्तू नव्हे, हे कोणालाही सांगता येईल; पण का नव्हे, हे थोडे पाहण्यासारखे आहे. पाण्यात असताना नावेचे ओझे पाणी पेलते. ते तिला बुडाच्या प्रत्येक भागाखाली सारखे उचलून धरते. म्हणून जी नाव पाण्यात एक पोर काठीने ढकलू शकते, ती काठावर ओढून घेण्यास दहा कोळी लागतात. गाड्यावर ठेवली की तिचा सगळा भार दोन किंवा चार चाकांच्या टोकांवर येतो. त्यात ती लांब. वळणावर पुढचे टोक दरीकडे आणि मागचे डोंगराकडे जाते. खडबडीत रस्त्यावर तिचे सांधे हिसक्यांनी ढिले होतात. उन्हात लाकूड आटते. पाण्यासाठी केलेली वस्तू पाण्यापासून दूर नेली की तीच ओझे होऊन बसते.

तरीही माणसाने हे वेडे साहस जगात जागोजागी केले आहे. १४५३ साली तुर्कांचा सुलतान दुसरा महंमद याने कॉन्स्टँटिनोपलला वेढा घातला, तेव्हा खाडीच्या तोंडावर शत्रूने साखळी ताणलेली होती. सुलतानाने चरबी चोपडलेल्या लाकडांवरून सुमारे सत्तर जहाजे टेकडीपलीकडे ओढून नेली आणि साखळीच्या आत पाण्यात सोडली. इंग्लंडात तर हे काम आता रोजचे झाले आहे. तेथील जुन्या कालव्यांतून चालणाऱ्या नावा दोन मीटरांच्या आसपास रुंद आणि काही बावीस मीटरांपर्यंत लांब असतात. कालव्याच्या दरवाजांची रुंदीच तेवढी. त्या पाण्यातून जेमतेम माणसाच्या झपझप चालीने जातात. म्हणून एका कालव्यावरून दूरच्या दुसऱ्या कालव्यावर जावयाचे असेल, तेव्हा यारीने नाव उचलतात, लांब मालमोटारीवर ठेवतात आणि पक्क्या सडकेवरून नेऊन पुन्हा पाण्यात उतरवतात. पंधरा-वीस टनांची नाव एका दिवसात इंग्लंडच्या एका भागातून दुसऱ्या भागात पोहोचते. पण त्यासाठी यारी हवी, मालमोटार हवी आणि मुख्य म्हणजे सडक हवी. १८०३ साली पनवेल आणि पुणे यांच्यामध्ये या तिन्हींपैकी एकही गोष्ट नव्हती.

मुंबईहून पनवेलपर्यंत खाडीची वाट सोपी होती. खरी परीक्षा पनवेलच्या पुढे. घाटाच्या पायथ्यापर्यंतचा तो मुलूख भाताचा. खाचरामागून खाचर, बांधामागून बांध. चैत्र-वैशाखात ती जमीन दगडासारखी टणक असते आणि तिच्यावरून गाडी खडखडत का होईना, चालते. पण नावा आणि गाडे तयार होऊन निघेपर्यंत पावसाळा अंगावर आला. कोकणातला पाऊस देशावरच्या पावसासारखा विचारपूस करीत येत नाही. एकदा सुरू झाला की दोन दिवसांत खाचरांचा चिखल होतो आणि त्यात माणसाचा पाय गुडघ्यापर्यंत जातो. नावांचे गाडे त्या चिखलात रुतले. चाके मोडली. बैलांनी माना टाकल्या. ज्या नावांच्या भरवशावर सेनापतीने पावसाळ्याशी सोयरीक जोडली होती, त्या नावा पावसानेच अडवून धरल्या. सैन्याच्या त्या उपयोगी पडल्या नाहीत. पाण्यावर मात करण्यासाठी निघालेले साधन पाण्यामुळेच वाटेत राहावे, यात थोडी गंमत आहे; परंतु त्या चिखलात चाकाला खांदा लावून उभ्या असलेल्या गाडीवानाला ती गंमत वाटली नसेल.

मग वेलस्लीने काय केले? त्याने या देशातल्या गरीब माणसांची नाव उचलली. दक्षिणेतील नद्यांवर टोपलीसारखी गोल नाव फार प्राचीन काळापासून चालते. बांबूच्या कामट्यांची टोपली विणावयाची, तिला बाहेरून कातडे चढवावयाचे, की झाली नाव. ती दुरून आणावी लागत नाही. जेथे नदी आडवी येईल तेथे रानातून कामट्या तोडाव्यात, मेलेल्या बैलांची कातडी घ्यावीत आणि नाव विणावी. ऑगस्टमध्ये अहमदनगरचा किल्ला घेतल्यावर वेलस्लीची फौज भरलेली गोदावरी अशाच टोपल्यांतून उतरली. मुंबईच्या गोदीतले कसब मागे राहिले आणि बुरुडाचे कसब पुढे गेले.

आणि २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या लढाईच्या दिवशी तर टोपलीही लागली नाही. वाटाड्यांनी सांगितले की पुढच्या नदीला उतार नाही. वेलस्लीने पाहिले, दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावे वसलेली आहेत. जेथे गावे अशी तोंडाला तोंड देऊन उभी असतात, तेथे त्यांच्यामध्ये येण्याजाण्याची वाट असलीच पाहिजे, असा तर्क त्याने केला. तो खरा ठरला. त्या लढाईचा शेवट मराठी राज्यास सुखाचा झाला नाही, हे इतिहास वाचणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे. तरी शत्रूच्या नजरेलाही दाद दिली पाहिजे. कोणतीही दोन खेडी वर्षानुवर्षे एकमेकांकडे नुसते पाहत बसत नाहीत, एवढी साधी गोष्ट त्याच्या ध्यानात आली.

जड सामानाने घाटात दगा दिल्याची ही पहिलीच वेळ नव्हती. १६६१ च्या फेब्रुवारीत कारतलबखान मोठी फौज घेऊन लोणावळ्याजवळच्या कुरवंड्याच्या घाटाने कोकणात उतरू लागला. खाली उंबरखिंडीच्या दाट रानात शिवाजी महाराजांची माणसे दबा धरून बसली होती. ओझ्यांनी वाकलेली ती फौज पुढेही जाऊ शकेना आणि मागेही फिरू शकेना. पुढे १७७८ साली राघोबादादाला पुण्यात बसविण्यासाठी निघालेली इंग्रजांची फौज बोरघाट चढली, तेव्हा तिच्याबरोबर सुमारे एकोणीस हजार बैल होते. हलके घोडेस्वार जे अंतर एका दिवसात तोडीत, तेवढ्यासाठी त्या फौजेस कित्येक दिवस लागले. कार्ल्याजवळ 'इष्टूर फाकडा' म्हणून मराठ्यांनीही वाखाणलेला कॅप्टन स्टुअर्ट पडला. जानेवारी १७७९ मध्ये तळेगावाहून माघार घेताना इंग्रजांनी आपल्या जड तोफा तळ्यात लोटून दिल्या आणि वडगावास तह करून सुटका करून घेतली. ज्या तोफा वर आणताना बैलांचे प्राण कंठाशी आले, त्या शेवटी तळ्याच्या तळाशी गेल्या.

वेलस्लीने मात्र नावांचा धडा विसरू दिला नाही. १८०४ साली त्याने घाटातून तोफा जाण्याजोगी वाट करविली. ती रुंद होती, पण चढ असा खडा की १८२५ साली तेथून गेलेल्या बिशप हेबरला दिसले, भरलेली गाडी किंवा माणूस बसलेली पालखीही या वाटेने मोठ्या कष्टाने वर जाईल. लोक पायी किंवा घोड्यावरून चढत आणि व्यापाराचा सगळा माल बैलांच्या पाठीवरून जाई. कोकणातले मीठ वर आणि देशावरचे धान्य खाली, असा तो शतकानुशतकांचा क्रम होता. चाकांच्या गाड्यांना सुखाने चालता येईल अशी सडक मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या काळात झाली आणि १० नोव्हेंबर १८३० रोजी ती खुली झाली. त्या सडकेवरचा एक दगडी पूल पुढे औषधाच्या जाहिरातीवरून 'अमृतांजन पूल' म्हणून ओळखला जाऊ लागला. २०२० च्या एप्रिलमध्ये तो पाडण्यात आला, तेव्हा त्याचे वय एकशे नव्वद वर्षांचे होते.

याच सडकेने एकदा नावेपेक्षाही चमत्कारिक ओझे वर नेले. १८५६ साली आगगाडी घाटाच्या पायथ्याशी खोपोलीपर्यंत आली आणि १४ जून १८५८ रोजी घाटाच्या माथ्यावर खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत धावू लागली. मधला घाट अजून फोडला जात होता. मग पुण्याकडची इंजिने, डबे आणि रूळ वर पोहोचले कसे? इंग्लंडहून जहाजाने मुंबईस, तेथून आगगाडीने खोपोलीस आणि खोपोलीहून सडकेने घाटमाथ्यावर. दुसरा मार्गच नव्हता. शेकडो माणसांना ओढण्यासाठी जन्मलेले इंजिन त्या घाटात स्वतःच ओढले गेले! उतारूंचीही तीच गत. ते खोपोलीस गाडीतून उतरत, पालखी, तट्टू किंवा बैलगाडीने घाट चढत आणि खंडाळ्यास दुसऱ्या गाडीत बसत.

१८६३ पर्यंत असे चालले. त्या वर्षी २१ एप्रिलला घाटातला लोहमार्ग सुरू झाला. पंचवीस बोगदे, आठ मोठे पूल आणि काही जागी सदतीस फुटांमागे एक फूट इतका चढ. १८६१ साली एका वेळी बेचाळीस हजारांच्या वर माणसे या घाटात काम करीत होती. कड्यावरून दोर सोडून, त्यांना लोंबकळत, त्यांनी खडकाला सुरुंगाची भोके पाडली. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली येथे येऊन थोड्याच दिवसांत वारला. त्याची पत्नी ॲलिस हिने ते कंत्राट हाती घेऊन काम पुढे चालविले. तिचे नाव ग्रंथांत आहे. पटकीने, तापाने आणि दरडींखाली जे हजारो मजूर मेले, त्यांची नावे मात्र शोधूनही सापडावयाची नाहीत. खडी वाहणाऱ्या बायका आणि त्यांच्या पाठीला बांधलेली मुले यांचा हिशेब तर कोण ठेवणार?

त्या मार्गावर एक मौजेची जागा होती. गाडी चढत चढत डोंगराच्या एका सोंडेवर येई आणि पुढे वळण्यास जागाच नसे. तेथे गाडी थांबे. इंजिन सोडून दुसऱ्या टोकास जोडीत आणि आतापर्यंत शेपटी असलेला डबा तोंड होऊन गाडी उलट दिशेने उरलेला घाट चढू लागे. १९२९ साली नवा मार्ग काढून ही उलटापालट बंद करण्यात आली.

आज मालमोटारी द्रुतगती मार्गाने घाट चढतात. कारखान्यांची अवजड यंत्रे लादलेली, कित्येक चाकांची लांबच लांब वाहने रात्री मुंगीच्या चालीने वर जाताना दिसतात. नाव मात्र घाटमाथ्यावर एकदा खरोखरच येऊन पोहोचली, आणि तीही लहानसहान नव्हे. लोणावळ्यास, कारतलबखान ज्या बाजूने खाली उतरला त्या कुरवंड्याच्या वाटेवर, १५ फेब्रुवारी १९४५ रोजी नौदलाचे एक ठाणे सुरू झाले. त्याचे आजचे नाव 'आय. एन. एस. शिवाजी'. नौदलाच्या रिवाजाप्रमाणे जमिनीवरच्या ठाण्यालाही जहाजाचेच नाव आणि जहाजाचाच मान मिळतो. त्यामुळे समुद्रसपाटीपासून सुमारे दोन हजार फूट उंच डोंगरावर हे 'जहाज' कायमचे नांगरून पडले आहे. जहाजांची यंत्रे कशी चालवावी, बिघडली तर कशी दुरुस्त करावी, हे तेथे नौसैनिकांना शिकवितात. पावसाळ्यात ढग खिडक्यांतून आत येतात आणि चहूकडे पाण्याचा असा आवाज असतो की भर समुद्रातच आहोत असे वाटावे. शिक्षण संपले की हे तरुण आपापली पेटी उचलतात, लोणावळ्यास गाडीत बसतात आणि बोगद्यामागून बोगदा मागे टाकीत समुद्राकडे उतरू लागतात.